पेन ड्राइव्ह माउंट करणे हे यूडेव्हच्या नियमाचे काम आहे का?

मूळ मत
लिनक्सवर पेन ड्राइव्ह लावताच कर्नल (लिनक्सचा गाभा) नेटलिंक या संदेशमार्गावरून घटना कळवतो, यूडेव्ह हा उपकरणे सांभाळणारा प्रोग्राम ती ऐकून उपकरणाचे लेबल व यूयूआयडी (स्वतंत्र ओळखक्रमांक) नोंदवतो, आणि याच टप्प्यावर यूडेव्हच्या नियमात माउंटची (ड्राइव्हवरील फाइली एखाद्या फोल्डरमध्ये उपलब्ध करण्याची) आज्ञा लिहून मोकळे होण्याची सवय अजूनही अनेकांना आहे. ती सोडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. यूडेव्हच्या माहितीपुस्तिकेतच नियमातून माउंट करण्यास मनाई आहे. शिवाय घटना हाताळून झाली की नियमाने सुरू केलेल्या प्रक्रिया सरसकट मारल्या जातात, म्हणून फ्यूजवर (फाइल-सिस्टिम कर्नलबाहेर चालवण्याची सोय) चालणारी, विंडोजचे एनटीएफएस ड्राइव्ह वाचणारी एनटीएफएस-३जी तिथे तग धरत नाही. यूडिस्क्स हा ड्राइव्ह हाताळणारा प्रोग्राम हेच काम पोलकिटची (कोणाला काय करू द्यायचे ते ठरवणाऱ्या सेवेची) परवानगी तपासून आणि ‘नोसूइड’ (ड्राइव्हवरील प्रोग्रामला मालकाचे अधिकार न देणारा), ‘नोडेव्ह’ (ड्राइव्हवरील उपकरण-फाइली न मानणारा) हे पर्याय लावून करतो.

प्रतिसाद १
असहमत. माझ्याकडच्या छोट्या बोर्डाला ना पडदा आहे, ना त्यावर कोणी लॉगइन करते. यूडिस्क्स आपणहून काहीच माउंट करत नाही, त्याला कोणीतरी सांगावे लागते. मग एवढ्याशा कामासाठी डी-बस (प्रोग्रामांमधील संदेशवाहक), पोलकिट आणि वर आणखी एक मदतनीस प्रोग्राम का चालवावा? बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचातील एमडेव्हमध्ये (यूडेव्हचा लहान पर्याय) हेच काम दोन ओळींत होते आणि बिघडले तर त्या दोन ओळी वाचून कारण सापडते.

मूळ लेखकाचे उत्तर
एमडेव्हपुरते आपले म्हणणे मान्य आहे. सिस्टमडी (यंत्रावरील सेवा सुरू करणारी व सांभाळणारी प्रणाली) असेल तिथे मात्र नियमातून तिच्या ‘सिस्टमडी-माउंट’ या आज्ञेला ‘नो-ब्लॉक’ (काम संपण्याची वाट न पाहणाऱ्या) पर्यायासह हाक मारावी. प्रत्यक्ष माउंट यूडेव्हच्या बाहेर होते आणि यूडिस्क्सही लागत नाही.

प्रतिसाद २
दोघेही लावण्याबद्दलच बोलत आहात. माहिती जाते ती काढताना. परवाच एका नातेवाइकाने लग्नाचे फोटो कॉपी केले, खिडकी बंद झाली आणि ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असतानाच त्यांनी तो उपसला. शेवटचे चाळीसेक फोटो उघडलेच नाहीत. कर्नलच्या मूळ सेटिंगनुसार बदललेली पाने (ड्राइव्हवर लिहायचे राहिलेले माहितीचे तुकडे) ३० सेकंदांपर्यंत मेमरीतच थांबू शकतात, आणि त्यानंतरही मंद ड्राइव्हवर ती उतरायला वेळ लागतो. फॅट फाइल-सिस्टिमच्या ड्राइव्हला निदान ‘फ्लश’ (माहिती लवकर उतरवणारा) पर्याय लावा. आणखी एक: ‘रिमूव्हेबल’ या सिसएफएसमधील (कर्नल उपकरणांची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो तिथल्या) फाइलीवर नियम बेतू नका. यूएसबीच्या बाह्य हार्ड डिस्कसाठी तिथे बहुधा ० असतो, कारण ती खूण उपकरणातले माध्यम वेगळे काढता येते का एवढेच सांगते. त्याऐवजी उपकरण यूएसबी बसवर आहे का, ते पाहा.