शब्दचर्चा : बयाणा, खर्ची, भोंगा

मोगरा : ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्टी मजुरांच्या मुलांवरचा एक मजकूर तपासायला आलाय. लेखकाने ‘बयाणा’ आणि ‘खर्ची’ दोन्हींना सरसकट ‘उचल’ केलंय. चालेल?

सहाण : नाही. बयाणा म्हणजे मुळात विसार, सौदा पक्का करताना दिलेले पैसे. भिवंडी-शहापूरकडे तो कातकरी कुटुंब पावसाळ्यात, घरातले दाणे संपले की घेतं आणि दिवाळीनंतर भट्टीवर जाऊन फेडतं. एरवी विसार वस्तूवर देतात, इथे माणसांवर. खर्ची मिळते दर आठवड्याला, मीठमिरची-तांदळापुरती.

मोगरा : पण शेवटी दोन्ही हिशेबात वळतेच होतात ना?

खाडीवारा : होतात, पण एकमेकांना खातात! उदाहरणादाखल आकडे धरा : बयाणा 30,000, हजार विटांमागे 600, आठवड्याला 5,000 विटा. कमाई 3,000. खर्ची 1,500 घेतली तर उरलेल्या 1,500 ने 20 आठवड्यांत बयाणा फिटतो. घरात आजारपण निघून खर्ची 2,000 झाली की लागतात 30, आणि तेवढा हंगामच नसतो. त्यात अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या की त्या मोजणीतूनच गेल्या. बाकी पुढच्या वर्षावर. दोन्हींना ‘उचल’ म्हटलं तर ही ओढाताण वाचकाला दिसणारच नाही.

सहाण : ‘रोजंदारी’ लिहिलं असेल तर तेही काढा. हजेरीवर काम असतं तर मूल हजेरीपटावर आहे की नाही ते कळलं असतं. इथे मोजतात विटा. वाळत घातलेली वीट उलटी करणारा आठ वर्षांचा हात त्या मोजणीत असतो, कागदावर नसतो.

मोगरा : पटलं. ‘भोंग्यात शाळा भरते’ असंही एक वाक्य आहे. टंकनदोष समजून खूण केली होती.

खाडीवारा : खूण पुसा. गिरणीचा भोंगा नव्हे तो. भट्टीवरच्या मजुराच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. भट्ट्यांवर मुलांसाठी चालवलेल्या ‘भोंगाशाळां’चं नाव त्यावरूनच पडलं. पहिल्यांदा येईल तिथे ‘भोंगा, म्हणजे भट्टीवरची झोपडी’ एवढं घाला, पुढे तसाच ठेवा.

सहाण : आणि ‘शाळाबाह्य’ जपून वापरा. गावच्या पटावर नाव असलेलं पण दिवाळीनंतर भट्टीवर गेलेलं मूल ‘स्थलांतरित’. अशांसाठी शाळा शिक्षण हमी पत्रक देते. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. पत्रक न घेताच कुटुंब निघालं तर तिथल्या गुरुजींना मूल कितवीतलं हेच कळत नाही.