‘डू द नीडफुल’ चूक कसं?

कचेरीतला: कालच्या ऑनलाइन चर्चेच्या धाग्यात धागाकर्त्याने लिहिलंय, “डू द नीडफुल, प्रीपोन, रिव्हर्ट हे अडाणी इंग्रजी आहे, खरा इंग्रज असं लिहीत नाही.” वाचून डोकं फिरलं. ‘डू द नीडफुल’, म्हणजे ‘आवश्यक ते करा’, हे इंग्रजांनीच इथे आणलं. पुढे त्यांनी ते टाकलं, आपल्या कचेऱ्यांनी धरून ठेवलं. ‘प्रीपोन’, म्हणजे ठरल्यापेक्षा आधी घेणं, तर ऑक्सफर्डच्या कोशात आहे. चूक म्हणायचंच तर ‘डिस्कस अबाउट’ला म्हणा, ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागतच नाही. बावीस वर्षं टिपणी लिहितोय, मला अडाणी म्हणू नका.

धागाकर्ता: कोशात आहे, पण ‘भारतीय इंग्रजी’ अशी खूण करून. लंडनच्या माणसाला पाठवताना त्या खुणेचा काय उपयोग? मी एकदा ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं, म्हणजे उत्तर द्या. पलीकडच्या प्रोग्रॅमरने माझा आठवड्याचा कोडच मागे घेतला! त्यांच्याकडे रिव्हर्टचा अर्थ तोच.

सोलापूरची बाई: इंग्रजीची एवढी काळजी? माझ्या वर्गातली मुलं ‘माझी मदत करा’ म्हणतात. अहो, मराठीत ‘मला मदत करा’! हिंदीतून आलेलं हे कुणालाच खटकत नाही. त्यावर कधी धागा निघत नाही.

धागाकर्ता: विषय इंग्रजीचा आहे, बाई.

सोलापूरची बाई: विषय एकच आहे. परका शब्दप्रयोग रुळला की तो बरोबर, हे कचेरीतल्यांचं म्हणणं. मग ‘माझी मदत’ही उद्या बरोबर ठरेल. मला ते मान्य नाही.

कचेरीतला: बाई, माझं म्हणणं तसं नाही! आणि ‘माझी मदत’ मलाही खटकतं, घरी नातवाला रोज टोकतो.

खडकवासला: ‘पास्ड आऊट’लाही लोक हसतात, म्हणे त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं. एनडीएत, म्हणजे इथल्या लष्करी प्रबोधिनीत, दर सत्राला शिक्षण पूर्ण केलेल्यांची पासिंग आऊट परेड होते. ब्रिटिश सैन्यातही हाच शब्द आहे. हसण्याआधी शोधा तरी.

धागाकर्ता: बरं, ‘अडाणी’ शब्द मागे घेतो. बाकी एक अक्षर नाही. ‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं, ते वाचणाऱ्याने ओळखायचं का?

कचेरीतला: एवढं मात्र खरं. परवा माझ्याच टिपणीवर साहेबांनी विचारलं, “नीडफुल म्हणजे मंजुरी की चौकशी?” आता ‘शुक्रवारपर्यंत मंजुरी द्यावी’ असंच लिहितो. पण प्रीपोन सोडणार नाही. बैठक अलीकडे घेतली, हे एका शब्दात दुसऱ्या कशाने सांगू?

सोलापूरची बाई: आणि ‘मला मदत करा’चं काय?