‘डॉक्टर स्टोन’चा शेवट तुम्हाला पटला का?

धुऱ्यावरचा वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

नमस्कार. ज्यांचे ‘डॉक्टर स्टोन’चे २३२ वे, म्हणजे शेवटचे प्रकरण वाचून झालेले नाही, त्यांनी कृपया इथेच थांबावे, कारण खाली सगळा उलगडा आहे.

रिइचिरो इनागाकी यांनी लिहिलेली आणि बोईची यांनी चितारलेली ही मांगा (जपानी चित्रकथा) जपानमध्ये ६ मार्च २०१७ रोजी सुरू झाली आणि ७ मार्च २०२२ रोजी संपली. मी ती संपून गेल्यानंतर हाती घेतली. आमच्याकडे शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते, त्यामुळे मोटार सुरू करून विहिरीच्या काठाला बसायचे आणि गव्हाला पाणी देता देता एक-दोन प्रकरणे वाचायची, असा माझा एक अख्खा हिवाळा गेला. शेवटच्या प्रकरणाच्या रात्री दांड फुटून पाणी शेजाऱ्यांच्या तुरीत शिरले आणि ते मला स्वतःचे पाय ओले झाल्यावर कळले, इतका मी त्यात बुडालो होतो. तरीही तो शेवट मला पटलेला नाही, आणि ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे, म्हणून विचारतो.

या कथेने आरंभीच वाचकाला एक शब्द दिला होता, असे मी समजत आलो. तो शब्द असा, की इथे कोणतीही वस्तू आयती मिळणार नाही. पृथ्वीवरची सगळी माणसे अचानक दगड होतात आणि हजारो वर्षांनी, ५७३८ साली, सेन्कू हा विज्ञानवेडा मुलगा दगडातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या अंगावर कापडही नसते. तिथून पुढे वटवाघळांच्या गुहेत थेंबाथेंबाने गळणारे नायट्रिक आम्ल, द्राक्षांची दारू मातीच्या भांड्यांतून पाडून मिळवलेले अल्कोहोल आणि त्या दोहोंच्या मिश्रणाने जागा होणारा दगडाचा माणूस, हे सगळे आपल्या डोळ्यांदेखत घडते. पुढे भेटलेल्या गावातल्या रुरी या मुलीच्या न्यूमोनियावर सल्फा औषध करायचे ठरते, तेव्हा लोखंड, चुंबक, वीज, काच, गंधकाम्ल अशा चौकटींमधून बाण काढत काढत तो आकृतीच मांडतो आणि त्यातली एकही चौकट ओलांडून पुढे जात नाही. त्या आकृतीचा फोटो मी बरेच दिवस मोबाइलच्या पडद्यावर लावून ठेवला होता.

चंद्राच्या प्रवासात मात्र हा हिशेब घाईने उरकल्यासारखा वाटतो. सल्फा औषधासाठी कथा जितकी रेंगाळली, त्या मानाने अग्निबाणाला फारच कमी पाने मिळाली. त्यानंतर व्हायमॅन, म्हणजे माणसांना दगड करणारा चंद्रावरचा अज्ञात शत्रू, हा कोणी माणूस नसून मेड्युसा नावाच्या यंत्रांचा थवा आहे, असे कळते. ती यंत्रे बोलतात, बहुतेक निघून जातात, एक मागे राहते. आणि शेवटी सेन्कू टाइम मशीन करण्याचा संकल्प जाहीर करतो. त्या यंत्राकडे जाणारी पहिली चौकट तरी कोणती, हे कुठे दिसते? ज्या कथेने मला साबणाचीसुद्धा कृती सांगितली, तिने शेवटी मला नुसते आश्वासन द्यावे, याचे मला वाईट वाटते. इतरांना काय वाटले ते सविस्तर लिहावे.

प्रयोगवही, मेहकर (जि. बुलढाणा)

दादा, तुमचा आक्षेप मी दोनदा वाचला. घाईबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे, परंतु टाइम मशीनबद्दल मान्य नाही. ते का, हे सांगण्याआधी साबणाविषयी थोडे लिहितो, कारण माझ्या मते या कथेचे मर्म तिथेच आहे. सेन्कू साबणाच्या वडीला जिवाचे रक्षण करणारा, वैद्याची जागा घेणारा दगड म्हणतो आणि कथेचे नावही तिथूनच उलगडते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना ते प्रकरण वाचून दाखवले आणि त्यांनी हट्टच धरला. मग आम्ही पैनगंगेच्या पात्रातून शिंपले वेचून आणले. ते घरच्या चुलीवर नीट भाजले जात नाहीत, म्हणून गावातल्या लोहारकाकांनी भात्याच्या भट्टीत भाजून दिले. तो कळीचा चुना पाण्यात टाकताच भांडे हाताला चटका बसेल इतके तापले. त्या कालवलेल्या चुन्यात धुण्याचा सोडा मिसळला, तळाशी पांढरा गाळ बसू दिला आणि वरचे पाणी सरकीच्या तेलात घालून मंद आचेवर घोटत राहिलो. ते पाणी कातडी जाळते, त्यामुळे ते काम मी स्वतः हातमोजे घालून केले आणि मुलांना लांब उभे केले. आठवडाभराने पिवळसर, जरा मऊच अशी वडी तयार झाली. एका मुलीने ती नाकाशी धरली आणि म्हणाली, “सर, याला तर ढेपेसारखा वास येतो.” मग तिने हात धुतले, फेस आला, आणि वर्गात जो गलका उठला तो ऐकून शेजारच्या वर्गावरचे गुरुजी पाहायला आले.

आपल्या भागाला ही विद्या नवीन नाही, हेही मुलांना सांगता आले. ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये अबुल फझलने मेहकर सरकारचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख केला आहे, आणि काच व साबण करण्यासाठी लागणारे सर्व जिन्नस इथल्या डोंगरांत मिळतात व सोऱ्याच्या कामातून बरेच उत्पन्न येते, असे नोंदवले आहे. काच, साबण आणि सोरा! सेन्कूची सुरुवातीची अर्धी कामे अकबराच्या काळात आमच्याच परगण्यात होत होती. आपल्या जुन्या गोठ्यांच्या भिंतींना जो लोणा लागतो, त्यातही हाच सोरा असतो. जनावरांच्या मुतापासून जमिनीतले सूक्ष्मजंतू तो तयार करतात आणि वटवाघळांच्या गुहेतही त्यांचेच काम चाललेले असते.

आता टाइम मशीनकडे वळतो. काळात पुढे जाणे विज्ञानाला वर्ज्य नाही. दिशादर्शक उपग्रहांवरील घड्याळे आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तो फरक दुरुस्त केला नाही तर मोबाइलमधला नकाशा चुकतो. कथेतली माणसे तर दगड होऊन ३७०० वर्षे पुढे आली आहेत; म्हणजे मेड्युसा हे पुढच्या दिशेने चालणारे काळयंत्रच आहे, आणि ते सेन्कूच्या हातात पडलेले आहे. जे यंत्र एका दिशेने चालते, ते उलट चालवता येईल का, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. मागे जाण्याचा मार्ग आजच्या पदार्थविज्ञानाला ठाऊक नाही आणि लेखकानेही तो ठाऊक असल्याचा आव आणलेला नाही. तुम्ही विचारता ती पहिली चौकट म्हणजे मेड्युसा. पुढच्या चौकटी रिकाम्या आहेत, कारण त्या खरोखरच रिकाम्या आहेत.

सूर्यफूल, आर्वी (जि. वर्धा)

सरांचा साबणाचा अनुभव वाचून फार आनंद झाला. या दोघांच्या चर्चेत सुइकाचे, कथेतल्या गावातल्या त्या लहान मुलीचे, नाव आले नाही, म्हणून लिहिते आहे.

सातवीपर्यंत मला फळ्यावरचे दिसत नव्हते आणि दिसत नाही हे मला माहीतही नव्हते. सगळ्यांनाच फळा असा धुरकट दिसत असणार, असे समजून मी शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत असे. वर्ध्याला नेऊन बाबांनी चष्मा करून आणला तेव्हा परतीच्या एस. टी.तून बाहेर पाहिले, तर कडुनिंबाला पाने सुटी सुटी असतात हे मला पहिल्यांदा कळले. त्यामुळे टरबुजाच्या कवचामागे डोळे बारीक करून पाहणाऱ्या सुइकाला सेन्कू काचेचे भिंग करून देतो आणि तिला सूर्यफुलांचे शेत स्वच्छ दिसते, ते पान मी किती वेळा उघडले असेल याची गणती नाही. आमच्याही वावरात तेव्हा सूर्यफूल होते. ज्या काचेने पुढे औषधाचे चंबू झाले, त्याच काचेने आधी एका लहान मुलीची नजर परत आणली, हा क्रम लेखकाने जाणून ठेवला असावा, असे मला वाटते.

दादा, तुम्ही शेवट २३२ व्या प्रकरणात शोधता आहात. माझ्यासाठी कथेचा शेवट त्याच्या बराच आधी, दक्षिण अमेरिकेत होतो. पुन्हा एकदा सगळी पृथ्वी दगड होते, सुइका एकटी जागी होते, आणि जागवणारे द्रावण स्वतःच्या हाताने तयार करायला तिला ७ वर्षे लागतात. चुकले तर सांगणारे कोणी नाही, बोलायला माणूस नाही, आणि आजूबाजूला आपलीच माणसे दगड होऊन उभी आहेत. मोठ्यांच्या पायांत घुटमळत, त्यांची कामे पाहत पाहत जे शिकली होती, तेवढ्यावर तिने सेन्कूला परत आणले. सेन्कू शहाणा आहे हे तर पहिल्या पानापासून ठाऊक होते. त्याची विद्या त्याच्याशिवाय टिकते की नाही, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर तिथे मिळाले. त्यानंतर चंद्र असो की टाइम मशीन, मी ते निश्चिंत मनाने वाचले.

माझी तक्रार वेगळी आहे. ती ७ वर्षे फारच थोड्या पानांत संपतात. त्यातला एखादा पावसाळा, एखादी फसलेली खेप आणखी जवळून पाहायला मिळायला हवी होती. अग्निबाणाची पाने कमी पडली याचे मला तितकेसे वाटले नाही, पण सुइकाची कमी पडली याचे आजही वाटते.

भाता आणि ऐरण, वरोरा (जि. चंद्रपूर)

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत निदेशक आहे, त्यामुळे थोडे कार्यशाळेच्या बाजूने लिहितो.

नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणाला धातुशास्त्रात नायटल म्हणतात आणि ते खरोखर वापरात आहे. पोलादाचा तुकडा घासून आरशासारखा केला, त्यावर सौम्य नायटल फिरवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की आधी एकजिनसी दिसणाऱ्या पृष्ठावर कणांच्या सीमा उमटतात. निर्जीव दिसणाऱ्या वस्तूची आतली रचना उघड करणारे द्रावण लेखकाने माणसे जागवायला निवडले, याचे मला कौतुक वाटते. (मुलांनी हे मिश्रण कधीही करून पाहू नये, आम्लाचे प्रमाण वाढले तर त्याचा स्फोट होऊ शकतो.)

आता व्हायमॅनविषयी. हा उलगडा अनेकांना पोकळ वाटला, हे मी इतरत्रही वाचले आहे. मला मात्र संपूर्ण कथेत याहून नेमके काही वाटले नाही. ती यंत्रे फार पुढारलेली आहेत, माणसाला दगड करून मरणापासून दूर ठेवू शकतात, परंतु स्वतःची देखभाल स्वतः करू शकत नाहीत. त्यांना दुरुस्त करणारे आणि घडवणारे हात हवे असतात, म्हणून ती बुद्धिमान जीव शोधत हिंडतात आणि बदल्यात त्यांना दीर्घायुष्य देऊ करतात. आमच्या भागात भर हंगामात मोटार जळते तेव्हा शेतकरी ती बंडीवर किंवा दुचाकीला बांधून रिवाइंडिंगवाल्याकडे आणतो, आणि तांब्याची तार भरणारा तो कारागीर दोन दिवस गावाला गेलेला असेल तर पाच अश्वशक्तीचे ते धूड जागीच पडून राहते. यंत्र आणि त्याला हात लावणारा माणूस यांचे हे नाते मी रोज पाहतो. गावातल्या म्हाताऱ्या कारागिराच्या, कासेकीच्या हातांना या कथेने जो मान दिला, तोच शेवटी चंद्रावर खरा ठरतो: इतकी पुढारलेली यंत्रेसुद्धा कोणीतरी कासेकी भेटावा म्हणून आली होती.

सेन्कूचे वडील ब्याकुया यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मात्र राहवत नाही. ऑस्टवाल्ड पद्धतीत तापलेल्या प्लॅटिनमच्या जाळीवरून अमोनिया आणि हवा नेऊन नायट्रिक आम्ल करतात. १९०२ साली तिचे पेटंट झाले आणि आजही कारखान्यांत तीच चालते. प्लॅटिनम त्यात खर्ची पडत नाही म्हटले तरी चालेल, म्हणजे गुहेतल्या थेंबांवर अवलंबून राहावे लागत नाही. ब्याकुया आपल्या मुलासाठी बेटावर राहून, वाळू धुऊन धुऊन, वर्षानुवर्षे प्लॅटिनमचे कण जमवतो, आणि तो मुलगा ते कण हजारो वर्षांनंतर उघडणार असतो. मागे जाणाऱ्या यंत्राचे नाव सेन्कूने काढले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते वाकून वाळू धुणारे वडीलच आले. लेखकाने तसे स्पष्ट लिहिले नसेलही, पण मी ते तसेच वाचले.

धुऱ्यावरचा वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

सर्वांचे मनापासून आभार. दगड होणे म्हणजेच काळात पुढे जाणे, ही सरांची मांडणी मला सुचली नव्हती, आणि ती वाचल्यावर पहिली चौकट दिसत नाही असे मी म्हणू शकत नाही. तरी त्या शेवटच्या संकल्पाच्या आधी सेन्कूला एखादा फसलेला प्रयत्न करताना पाहायला मिळाले असते, तर माझे समाधान झाले असते. इतके माझे म्हणणे मी अजून सोडलेले नाही.

मोटारीचे उदाहरण मात्र पुरते पटले. माझी मोटार मागच्या रब्बीत दोनदा जळाली होती. व्हायमॅनची ती पाने मी काल रात्री पुन्हा वाचली, आणि एक यंत्र मागे राहते ती चौकट या वेळी वेगळीच वाटली.

ताई, सुइकाची ७ वर्षे मी भराभर पाने उलटत वाचली होती, कारण पुढे चंद्र येणार हे मला ठाऊक होते. आज रात्री पाळी आहे, तेव्हा तेवढाच भाग सावकाश वाचणार आहे. सर, एक विचारायचे राहिले: सरकीऐवजी जवसाचे तेल घेतले तर वडी बसेल का? घरात दोन डबे आहेत आणि माझा पुतण्या पाचवीत आहे.