लॅब्रेडॉर कुत्र्याला लिम्फोमा निघालाय त्या ताईंसाठी

ताई, तुमच्या नऊ वर्षांच्या लॅबला लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) निघाला आणि वर घरचेच म्हणतायत की कुत्र्यासाठी एवढा खर्च कशाला, वाचून पोटात तुटलं हो. त्यांना पटवत बसू नका, तुमची ताकद त्याच्यासाठी ठेवा.

वर एकाने लिहिलंय किमो म्हणजे मुक्या जिवाचे हाल, तर तसं नसतं. कुत्र्यांना डोस माणसांपेक्षा सौम्य देतात कारण उरलेले दिवस चांगले जावेत हाच हेतू असतो, उलटी-जुलाब होतात काहींना पण बहुतेक जण खातात पितात फिरतात. उपचार नाही केले तर साधारण ४ ते ६ आठवडे, पूर्ण किमो लागू पडली तर बऱ्याचदा वर्षभर मिळतं, लिम्फोमाचा टी-सेल नावाचा प्रकार असेल तर कमी, म्हणून प्रकार कुठला ते विचाराच. आणि किमो करायची असेल तर प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडचं औषध) आधीच सुरू करू नका, नंतर औषधं नीट लागू पडत नाहीत. घरातलं क्रोसिन, ब्रुफेन तर अजिबात नको.

नाही झेपलं तर नुसत्या गोळ्यांवर आरामात ठेवणं हेही प्रेमच आहे, कोणी काही बोलू दे.

बाकी नाशिककरांनो, सल्ले पुरे, ताईंना डबा नेऊन द्या, परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलला न्यायचं ठरलं तर कोणीतरी गाडी घेऊन सोबत जा, कसारा घाटात एकटीने आजारी कुत्रा सांभाळत गाडी चालवणं फार अवघड आहे. मी इंदिरानगरला असतो, ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी कधीही येतो.