उ: सोलची सर्जरी कॉन्फरन्स आणि एक मोकळा मंगळवार

डॉक्टर, दक्षिण कोरियातल्या सोलला कॉन्फरन्ससाठी जाताना मोकळ्या मंगळवारी काय बघावं आणि शाकाहारी जेवणाचं काय, असं तुम्ही विचारलंत. मंगळवारी ग्योंगबोकगुंग राजवाडा बंद असतो. त्याऐवजी छांगदोकगुंग हा दुसरा राजवाडा करा, त्याची सुट्टी सोमवारी. त्याच्या मागच्या हुवॉन बागेचं तिकीट वेगळं, वेळ ठरलेली, आधीच काढा. कॉन्फरन्स कोएक्स या संमेलन केंद्रातच आहे म्हणता, तर समोरचं बोंगउन्सा मंदिर जेवणाच्या सुट्टीतही उरकेल. चालायला गूगल मॅपपेक्षा नेव्हर मॅप (Naver) हे कोरियन नकाशा-अ‍ॅप भरवशाचं.

शाकाहाराचं जरा जपून. किमचीत (आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात) बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो, बिबिंबाप या भाज्या घातलेल्या भातात लाल गोचुजांगखाली (मिरचीच्या पेस्टखाली) खिमा निघतो. कोरियनमध्ये ‘कोगी प्पेजुसेयो’ म्हणजे ‘मांस वगळा’. पण मासे त्यात येत नाहीत, ते वेगळं सांगावं लागतं.

रात्रीच्या जेवणात ज्येष्ठ प्राध्यापकांचा पेला दोन्ही हातांनी भरा, स्वतःचा मात्र भरू नका. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, ते श्राद्धाचं लक्षण.