उडू न शकणारा पक्षी सांभाळताना : तुमचे अनुभव

संक्रांत जवळ आली की मांज्यात अडकलेल्या पक्ष्यांसाठी फोन सुरू होतात. त्यातले काही महिन्याभरात आभाळात परत जातात. इथे मात्र जे परत जाऊ शकत नाहीत त्यांच्याबद्दल लिहूया : पंख गेलेले, पाय फाकलेले, मान फिरलेली. रोजचं कसं निभावलंत, काय भरवलंत, कठीण निर्णय कसे घेतलेत, सविस्तर लिहा.

त्याआधी एक कळकळीची विनंती. पक्षी सापडला की लोक आधी चोचीत पाणी ओततात. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, ते पाणी थेट आत उतरतं आणि वाचणारा पक्षीही दगावतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेला ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

ठाण्याहून

आमच्या ग्रिलमध्ये एक कबुतर डोकं उलटं करून बसलं होतं. चोच वर, टाळू खाली. दाणा टिपायला गेलं की चोच भलतीकडेच आपटायची. डॉक्टर म्हणाले, पॅरामिक्सो नावाचा विषाणू आहे, मज्जासंस्थेला धरतो. त्यावर थेट औषध नाही. पण पोटात अन्न जात राहिलं तर बरेच पक्षी यातून सावरतात. आजाराइतकीच उपासमार त्यांना मारते. हे ऐकलं आणि ठरवलं, याला उपाशी मरू द्यायचं नाही.

जुन्या पंचाची चुंबळ करून त्याला तीत बसवायचे, म्हणजे ते कलंडत नसे. फ्रोझन मटार कोमट पाण्यात मऊ करून एकेक दाणा जिभेच्या मागच्या बाजूला ठेवायचा, चोच सोडायची, घोट गेला की पुढचा. गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी हलकेच चाचपायची. सकाळी ती रिकामी झाली नसेल तर भरवणं थांबवून डॉक्टरांना फोन. पाण्यासाठी खोलगट वाटी. कबुतर चोच बुडवून ओढून पाणी पितं, इतर पक्ष्यांसारखं मान वर करून गिळत नाही, म्हणून फक्त चोचीचं टोक पाण्याला लावून द्यायचं, बाकीचं ते स्वतः करतं. दाणेही खोल भांड्यात भरपूर ठेवायचे. नेम चुकला तरी चोचीत काहीतरी येतंच.

पुढे त्याचं त्यालाच खाता येऊ लागलं. मान आता शांत असताना सरळ असते, पण दाराची बेल वाजली की पुन्हा पिळवटते. अशा पक्ष्याला बाहेर सोडणं म्हणजे मांजराच्या तोंडी देणं, म्हणून तो आमच्याकडेच आहे. घरात आणखी पक्षी असतील तर त्यांना पूर्ण वेगळं ठेवा, हा रोग पसरतो. विष्ठा साफ करताना मास्क लावा. माझ्या सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे पिंजरा कायम गॅलरीत असतो.

नागपूरहून

आमच्या शहरात मांज्याने कापलेल्या घारी दरवर्षी येतात. नायलॉन मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो विकला जातो, याचा मला अजून संताप येतो. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा एक ताणलेला पडदा असतो. तो आतल्या स्नायुबंधासकट कापला गेला की हाड शाबूत असूनही घारीला पंख नीट पसरता येत नाही. सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, असा पक्षी मिळाला तर घरी प्रयोग न करता तिथे न्या.

मी ज्या केंद्रात मदतीला जातो तिथे एका पंखाची घार आहे. उडता येत नाही म्हणून ती दिवसभर उभी असते आणि सगळा भार तळव्यांवर येतो. गुळगुळीत दांडीवर तळवे सुजतात, फोड येतात, त्यात जंतू गेले की पाय जातो. म्हणून दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या, काथ्याची दोरी गुंडाळलेल्या आणि जमिनीलगत ठेवतो. तोल एका बाजूला जातो, उंचावरून पडली तर छातीचं हाड फुटेल. खाणं म्हणजे नुसतं बोनलेस चिकन नाही, त्यात कॅल्शियम जवळपास नसतं. हाडांसकट द्यावं लागतं.

ती अजून मला जवळ येऊ देत नाही. मला ते फार आवडतं.

सांगलीहून

बुलबुलाचं पिल्लू, दोन्ही पाय बेडकासारखे बाजूला फाकलेले. हाडं कोवळी असतात तोवरच हे सुधारतं. डॉक्टरांनी मधे स्पंजचा तुकडा ठेवून पाय मऊ पट्टीने जवळ बांधले आणि खोल वाटीत, टिशूच्या घरट्यात बसवायला सांगितलं. दूध-पोळी अजिबात नाही, दूध पक्ष्यांना पचत नाही. एक पाय सरळ झाला, दुसरा अर्धवट. फांदी धरता येते, एवढं मिळालं.

पुण्याहून

मला सापडलेला पोपट कुणीतरी वर्षानुवर्षं भात-मिरचीवर ठेवलेला असावा. पाय धनुकलीसारखे वाकलेले, पंख कापलेले. आपले देशी पोपट घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून जीव गुंतला तरी वनविभागाकडे सोपवला. ज्यांच्या घरी आजही पिंजरा टांगलेला आहे त्यांनी ते पाय एकदा पाहायला हवे होते.

रत्नागिरीहून

आमच्याकडे वंचक, म्हणजे पाणथळीतला छोटा बगळा, आला होता, कणा मोडलेला. (बगळा धरताना आधी चोच धरा, तो थेट डोळ्यावर मारतो.) पायाच्या बोटांना चिमटा घेतला तरी हालचाल नाही, विष्ठा स्वतःच्या अंगावर. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला आणि दयामरण सुचवलं. घरात वाद झाला, आईला ते पाप वाटत होतं. मी होकार दिला. पाण्यात तासन् तास उभा राहणारा पक्षी टॉवेलवर पडून राहणार होता, आणि वेदना त्याला बोलून दाखवता येत नव्हत्या. असा निर्णय घेणाऱ्याला कुणी निर्दयी म्हणू नये.

नाशिकहून

घारीबद्दल लिहिणाऱ्या दादांना : आमच्या एका पायाच्या साळुंकीलाही तळव्याचाच त्रास होता. दांडीच्या जोडीला जाड टर्किशचा सपाट ओटा करून दिला, तिथे ती पोट टेकून बसते आणि पायाला विसावा मिळतो. तळवा रोज उजेडात बघते. कातडी लाल, चकचकीत दिसू लागली की डॉक्टरांकडे नेते. ठाण्याच्या ताई, तुमचं चुंबळीचं करून बघणार आहे.