पावसात वळणावर स्कूटरचं मागचं चाक सटकतं: हवा कमी करू की टायर बदलू?

घाटपायथा
चिपळूण ते लोटे रोजचं जाणं-येणं, मध्ये परशुराम घाट. १२५ सीसी स्कूटर, पाच वर्षं जुनी, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. टायर गाडीबरोबर आलेलेच: पुढे ९०/९०-१२, मागे ९०/१००-१०, ट्यूबलेस. कोरड्या रस्त्यावर काही तक्रार नाही, पण पाऊस लागल्यापासून वळणात डावा ब्रेक लावला की मागचं चाक बाहेर सटकतं. नक्षी अजून दिसते आहे. पंक्चरवाला म्हणतो हवा थोडी कमी ठेवा, गॅरेजवाला म्हणतो मागे जाड टायर टाका. सध्या दोन्हीकडे ३० हवा आहे. कुणाचं ऐकू?

रबरखाते
दोघांचंही नको.

आधी हवा. या मापाच्या बहुतेक स्कूटरना पुढे २२ पीएसआय आणि मागे एकट्यासाठी २९, डबलसीटला ३६ च्या आसपास सांगितलेली असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर मिळेल. पुढे ३० म्हणजे फुगलेला टायर: रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो आणि खडबडीत जागी चाक उडतं. पंपावरची पोरं विचारल्याशिवाय दोन्हीकडे सारखीच हवा मारतात, त्याचा हा परिणाम. आठवड्यातून एकदा, गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना मोजा.

आता मागचा टायर. ‘नक्षी दिसते’ एवढ्यावर जाऊ नका. खाचेच्या तळाशी रबराची छोटी आडवी उंचवट्याची पट्टी असते. तिची जागा दाखवणारी खूण टायरच्या कडेला सापडेल. दुचाकीत ही पट्टी ०.८ मिमीवर असते. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली की कायद्यानेही टायर संपला. कोकणातल्या पावसासाठी मी १.५ मिमीलाच बदला म्हणेन.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे टायरचं वय. बाजूवर कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. ऊन-हवेने रबर वाळून कडक होतं. ओल्या रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून पकड धरायचं काम मऊ रबर करतं, कडक रबर वरून घसरतं. कोरड्यात हा फरक जाणवत नाही, म्हणून तुम्हाला तक्रार फक्त पावसात दिसते. नखाने दाबून बघा आणि खाचांच्या मुळाशी केसासारख्या भेगा आहेत का तेही पाहा.

तिसरी गोष्ट, मागून खाली वाकून टायरचा आकार बघा. सरळ रस्त्यावर फार चाललेला टायर मधोमध सपाट होतो. गाडी कलली की त्या सपाटीच्या कडेवरून एकदम उतरते, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही ब्रेक दाबता.

जाड टायरचा नाद सोडा. रिमची रुंदी तीच राहते, त्यामुळे टायरचा गोलवा बिघडतो आणि तो इंजिनच्या केसला किंवा मडगार्डला घासू शकतो. आहे तेच माप घ्या आणि मापापुढचा आकडा-अक्षर तपासा. ‘५३ जे’ म्हणजे २०६ किलो भार आणि ताशी १०० किमी. त्यापेक्षा कमी घेऊ नका.

सरळरेषा
टायर बदलाच, पण मूळ दुखणं ‘वळणात डावा ब्रेक’ हे आहे. टायरची पकड एकच, ती वळायला आणि थांबायला वाटून जाते. वळणातच बहुतेक संपली असेल तर ब्रेकला काही उरत नाही.

हिशोब करून बघा. १५ मीटर त्रिज्येचं आवळ वळण घ्या. ताशी ३० ने घेतलं तर गाडीला वजनाच्या ०.४७ पट आडवी पकड लागते, २० ने घेतलं तर ०.२१. ओल्या डांबरावर टायरकडे ०.४ धरली तर ३० चा वेग ब्रेक न लावताही बसत नाही. २० ला साधारण निम्मी पकडच वळायला लागते, ब्रेकसाठी हाताशी काही उरते. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना कमी करायचा. वळणात रेस एकसारखी, अगदी हलकी.

थांबण्याचंही तसंच. ताशी ४० ला, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, कोरड्यात (पकड ०.७) सुमारे २० मीटर लागतात, ओल्यात (०.४) २७. वेग ३० केला तर ओल्यातही १७.

तुमच्या गाडीइतक्या जुन्या स्कूटरमध्ये डावा ब्रेक मागच्याबरोबर थोडा पुढचाही लावतो. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) नसेल तर ही जोडणी सक्तीची झाली. ती चालते का बघा: मेन स्टँडवर लावा, मागे कुणाला तरी दाबायला सांगून पुढचं चाक उचला, हाताने फिरवत डावा ब्रेक घट्ट दाबा. पुढचं चाक अडकलं पाहिजे. अडकत नसेल तर सगळा भार मागच्या चाकावर येतोय, केबल आणि लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) बघून घ्या. दोन्ही ब्रेकच्या दांड्यांची ढिलाई, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल, साधारण १० ते २० मिमी असावी.

पावसात ब्रेक लावताना आधी डावा हलका, लगेच उजवा, मग दोन्ही हळूहळू आवळत. चाक लॉक झालं तर क्षणभर सोडून पुन्हा हलकेच धरा.

वाफसा
इतकं काटेकोर कशाला? दोन-तीन पीएसआय कमी ठेवली की टायर पसरतो, पकड वाढते. वाळूत आणि चिखलात सगळे तेच करतात.

रबरखाते
@वाफसा, वाळूत चाक रुतू नये म्हणून हवा काढतात. ओल्या डांबरावर टायरने पाणी दाबून बाजूला काढायचं असतं, आणि हवा कमी तर दाबही कमी. शिवाय १० इंची चाकाच्या टायरची भिंत लिबलिबते, वळणात मागची बाजू डोलते, आणि खड्ड्यात रिम वाकली की ट्यूबलेसची हवा कडेने निसटू लागते.

तांबडी_माती
टायर आणि ब्रेकबद्दल वर आलंच आहे, मी रस्त्याबद्दल लिहितो. त्या पट्ट्यात निसरडं नेमकं कुठे असतं ते माहीत असलं की निम्मं काम होतं.

पहिल्या पावसाची भुरभुर सर्वांत वाईट. उन्हाळाभर साचलेलं तेल, डिझेल, टायरची भुकटी पाण्यात मिसळून साय धरते. जोराची सर आली तर ती धुऊन जाते, रिमझिम असेल तर तास तास टिकते. जूनमध्ये जांभळाच्या झाडाखालून जाताना खाली नजर ठेवा, चिरडलेली जांभळं तेलाइतकीच सरकवतात.

मासळीच्या गाड्यांतून गळणारं पाणी तेलकट असतं. घाटाच्या चढावर आणि वळणांवर त्याची धार पडते, आधी वास येतो. वास आला की वेग सोडा आणि गाडी कलवू नका. काँक्रीटवर डिझेलचा इंद्रधनुषी डाग दिसला तरी तसंच.

जुलैत लावणीच्या दिवसांत चिखलणी करून आलेले ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर शेताच्या वाटेवरून तांबडा चिखल रस्त्यावर आणतात. गावाच्या फाट्यावर तो असणारच, धरून चाला. जुलै-ऑगस्टमध्ये झाडांच्या सावलीतल्या कडेला शेवाळ धरतं. काळपट चकाकणारा पट्टा दिसला की समजा. चारचाकीच्या चाकांचा माग स्वच्छ असतो, त्यातून गाडी चालवा, मधल्या तेलकट पट्ट्यातून नको.

झेब्रा पट्टे, लोखंडी झाकणं, पुलाचे सांधे, काँक्रीटमधली डांबर भरलेली फट यांवर ब्रेकही नको आणि कलणंही नको. हायवेच्या कामात दोन लेनमध्ये उंचीचा फरक राहिला असेल तर तिरपं घासत चढू नका. वेग कमी करून जमेल तितकं काटकोनात ओलांडा.

पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं. पुढे पन्नास-शंभर मीटर दोन्ही ब्रेक हलके धरून सावकाश चाला, लायनर वाळतात.

घाटपायथा
धन्यवाद. मागच्या टायरवर ३१२० आहे, मध्यभागी सपाट झालाय आणि मुळाशी भेगा आहेत. पुढचाही त्याच काळातला, पण झीज कमी दिसते. दोन्ही बदलू की फक्त मागचा?

रबरखाते
दोन्ही. रबर कडक होण्याचा झिजेशी संबंध नाही, आणि पुढचा सटकला तर सावरायला वेळच मिळत नाही. कंपनी कुठली हा प्रश्न दुय्यम, दुकानदाराकडून तारीख बघून घ्या. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम. ‘जास्त टिकतो’ म्हणून विकला जाणारा टायर बहुधा कडक रबराचा असतो, ‘ग्रिप’वाला लवकर झिजतो. तुमच्या रस्त्याला ‘ग्रिप’वालाच.

बसवताना बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना पाहा आणि व्हॉल्व्ह नवा टाकायला सांगा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं द्रव्य नव्या टायरवर राहतं, म्हणून पहिले १५०-२०० किमी वळणात गाडी कमी कलवा आणि ब्रेक हलके ठेवा. जमलं तर हे किलोमीटर कोरड्या दिवशी घालवा. सर्व्हिसिंगनंतर टायरला चमक आणणारं पॉलिश लावून देतात, ते नक्षीवर अजिबात येऊ देऊ नका.

सरळरेषा
घाट उतरताना एक गोष्ट. स्कूटरचा क्लच वेगावर चालतो. रेस पूर्ण सोडून गाडी फार हळू झाली की तो सुटतो आणि गाडी मोकळी पळू लागते, इंजिनचा अडथळा उरत नाही. तसं झालं की सरळ पट्ट्यात रेस किंचित देऊन सोडा, क्लच पुन्हा धरतो आणि इंजिन गाडीला थोडं मागे ओढतं. ब्रेक सतत धरून ठेवू नका, तापलेले ड्रम ऐनवेळी दगा देतात. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

आणि नवे टायर टाकूनही मागची बाजू डोलत राहिली तर इंजिन हँगरचे बुश (इंजिन गाडीच्या सांगाड्याला जोडतात तिथले रबरी तुकडे) तपासून घ्या. ते गेले की कोरड्यातही वळणावर चाक हलल्यासारखं वाटतं, आणि दोष मात्र टायरवर जातो.